लाईट उनी

बँडचं नाव थ्री फेज. माणसं चार.
निंबा, नावेद, भटू : हे फेज.
चौथी तार न्यूट्रल, म्हणजे मी, बेसवाला.
मला हात लावला तर कोणाला झटका बसत नाही,
मला तोडलं तर मात्र
सगळ्यांचे बल्ब उडतात.

तालीम पारोळ्याच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये.
कोर्टाच्या सीलखाली तीन वर्षं पडून असलेल्या
कापसाच्या गाठी, त्याच आमच्या भिंती.
आवाज त्यांच्यात शिरायचा
आणि हातउसन्या पैशासारखा परत यायचा नाही.
भटूच्या झांजांवर तंतू बसायचे.
दर दोन गाण्यांनी तो त्या पुसायचा,
आईने समई पुसावी तसा.

रेकॉर्डिंगच्या रात्री, चौथ्या टेकला,
धृपदाच्या तोंडाशी लाईट गेली.
रेकॉर्डर सेलवर होता, तो चालूच राहिला.
तेवीस मिनिटं त्याने आमचं न वाजणं टिपलं :
नावेदचा खोकला,
एक डास,
हायवेवर धुळ्याकडे जाणारे ट्रक,
निंबा अंधारात भाड्याचा हिशोब करतोय
आणि दर वेळी वेगळा आकडा येतोय.
मग भिंतीपलीकडून, गल्लीतून,
कौतिकमावशी ओरडली :

लाईट उनी!

बटण बंद करायचं राहिलेला अ‍ॅम्प जागा झाला.
गाठीवर आडवी टाकलेली गिटार
कोणी न छेडता कण्हू लागली, कण्हता कण्हता चढली,
आणि भटूने, देव जाणे कसा,
नेमका तिथे पहिला ठोका टाकला.
बाकीचं गाणं आम्ही लिहिलं होतं.
लोकांना आवडलं ते एवढंच.

शुक्रवारी रात्री बाराला रिलीज.
रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चौघं,
नावेदचा मोबाईल झेंड्यासारखा उंच धरलेला.
नव्व्याण्णव टक्क्यांवर तो इतका वेळ अडला
की निंबाने नवस बोलून घेतला,
कुठल्या देवाला ते अजून सांगत नाही.
पहिल्या दिवशी एक्केचाळीस जणांनी ऐकलं.
त्यातले अकरा भटूचे चुलत भाऊ.

मग शिरपूरच्या एका डीजेने वरातीत लावलं.
मग नंदुरबारचं होस्टेल. मग सुरत,
उधन्यातल्या आठ-आठ जणांच्या खोल्या,
जिथे लाईट जात नाही
आणि म्हणूनच कोणी तरी रडलं म्हणे.
पुण्याच्या एका जाणकाराने लिहिलं :
'लाईट ऊन! हिवाळ्यातलं हलकं ऊन,
किती तरल प्रतिमा.'
आम्ही दुरुस्त केलं नाही.

मावशीला ऐकवलं तेव्हा ती हातातलं सूप थांबवून म्हणाली,
'मना आवाज असा शे?'
आणि उरलेली तूर पाखडायला घेतली.
पण पोरं ऐकेनात. शाळेत जाता-येता
तिच्या दारासमोर तिचीच आरोळी ठोकायची,
भर दुपारी, लाईट असताना.

पहिले पैसे आले, अठरा हजार सहाशे चाळीस.
चौघांत वाटायचे तर तोंड कोणाचं होतं?
मावशीच्या हातात ठेवले.
तिने काही विचारलं नाही, पावतीही मागितली नाही.
आठवड्याने तिच्या ओट्यावर खोकं दिसलं :
इन्व्हर्टर, बॅटरीसकट.

आता गल्लीत अंधार होतो तेव्हा
एकच खिडकी पिवळी असते.
लाईट येते. पंखे फिरू लागतात, टीव्ही मधूनच बोलू लागतो,
आणि सगळी गल्ली क्षणभर
तिच्या दाराकडे कान लावून गप्प.
मी एकदा विचारलंच.
'जासच नही,' ती म्हणाली, 'ते येस कशी?'

दुसरं गाणं अजून जमत नाही.
ती तेवीस मिनिटं मात्र मी पुसलेली नाहीत.
रात्री हेडफोन लावून ऐकतो :
डास, ट्रक, निंबाचं चुकलेलं गणित,
नावेद खोकून खोकून दमलेला, कोणालाच काही माहीत नसलेलं.
बाविसाव्या मिनिटाला
बंद करतो.